पोच मागायला शिकवा!

दरवर्षी २६ नोव्हेंबर आला की शाळाशाळांतून संविधानाच्या प्रास्ताविकेचे सामूहिक वाचन होते. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार पडतो, प्रभातफेरी निघते, मुलांना खाऊ वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरची ती सुबक अक्षरे पुसली जातात. या दिवसाची सुरुवात कोठून झाली, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. २००५ साली नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांमधून 'संविधान ओळख' हा उपक्रम सुरू केला. पुढे २००८ साली राज्य सरकारने आणि २०१५ साली केंद्र सरकारने संविधान दिन मान्य केला. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत प्रास्ताविकेचे वाचन सुरू झाले. हे चळवळीचे यश आहे आणि त्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. परंतु प्रास्ताविका तोंडपाठ झालेल्या मुलाला स्वतःच्या हक्कासाठी साधा एक अर्ज लिहिता येतो काय? हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे.

हे सुचण्याचे कारण सांगतो. शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत कायदेविषयक शिबिर होते आणि आम्हीही श्रोत्यांत बसलो होतो. व्यासपीठावर पाच पाहुणे, सहा शाली, सहा नारळ. (सहावी शाल कोणासाठी होती ते शेवटपर्यंत कळले नाही.) एका वक्त्याने मूलभूत हक्क सांगितले, दुसऱ्याने मूलभूत कर्तव्ये सांगितली, तिसऱ्याने मोबाइलचे दुष्परिणाम सांगितले. मुले मांडी घालून, हाताची घडी घालून ऐकत होती. शेवटी 'कुणाला काही विचारायचे आहे काय?' असे सूत्रसंचालकाने घड्याळाकडे पाहत विचारले. तेव्हा कातकरवाडीतून येणारी नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, 'सर, बापाने भट्टीवाल्या शेठकडून उचल घेतलीय. ती फिटली नाही तर या दिवाळीनंतर पण आम्हाला भट्टीवर जायलाच लागेल का?' व्यासपीठावर क्षणभर शांतता पसरली. मग एक पाहुणे म्हणाले, 'बाळ, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे, आईवडिलांशी बोल.' तिच्या मागून एक मुलगा उठला. 'अर्ज दिला आणि साहेबांनी पोच दिली नाही तर काय करायचे?' त्यावर सभागृहात हशा झाला आणि आभार प्रदर्शन सुरू झाले.

आमच्या मते त्या दिवशीचे खरे शिबिर त्या दोन प्रश्नांत होते. मुलांनी कायदा विचारला आणि मोठ्यांनी त्यांना उपदेश दिला!

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या देशाच्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरवले. ते फेडण्याचे बंधन मजुरावर उरत नाही, त्याच्या मुलांवर तर नाहीच नाही. हे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार हा कायदा धनकोवर टाकतो. आमच्या देशातले किती कायदे गरिबाच्या शब्दाला असे वजन देतात? १९८२ साली एशियाड बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजेसुद्धा कलम २३ ची सक्तमजुरीच होय, असे सांगितले. म्हणजे उचल घेतलेल्या बापाला भट्टीवर कोंडून ठेवलेच पाहिजे असे नाही. उचलीपोटी किमान वेतनाहून कमी पैशात राबवले तरी प्रश्न कायद्याचा होतो. हे सर्व त्या पाहुण्यांना ठाऊक नसेल, असे आम्हाला वाटत नाही. ठाऊक असूनही ते सांगणे अडचणीचे वाटले असेल, ही शक्यता अधिक.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची रचनाच पाहा. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. तसेच येथल्या माणसांचे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे पोराबाळांसह, कोंबड्यांसह, चुलीच्या भांड्यांसह टेम्पोत बसून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. उचल पावसाळ्यात, घरात दाणा नसताना घेतलेली असते. आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची. हिशेब हंगामाच्या शेवटी, आणि हिशेबाची वही शेठच्या हातात. हजारी विटांचा दर नवरा-बायकोच्या जोडीला मिळून असतो, त्यामुळे बाईची मजुरी कागदावर दिसतच नाही. मूल विटा उलथीपालथी करते, लहान भावंड सांभाळते, शाळेच्या हजेरीपटावर मात्र 'स्थलांतरित' एवढा एक शब्द पडतो. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना शासन आदिम जमाती मानते त्यात कातकरी आहेत. त्यांच्यासाठी योजना आहेत, अहवाल आहेत, दौरे आहेत. हिशेबाची वही वाचता येणारा मुलगा मात्र घराघरांत नाही.

आणि हे काही जुन्या काळाचे नाही. २०२१ साली मोखाड्यात एका मजुराने आत्महत्या केली. बारा वर्षांच्या मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी त्याला मालकाकडे राबावे लागले, हे उघड झाले तेव्हा वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला. २०२२ साली कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरी तालुक्यात कातकऱ्यांची लहान मुले थोड्याशा रुपयांवर आणि एका मेंढीवर मेंढपाळांकडे कामाला दिली गेल्याचे एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर समोर आले. ती मरण पावली म्हणून ते कळले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे ते वर्ष होते, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

आता ही मुले आणि ही माणसे कायद्याला मुकली कशी? कायदा १९७६ चा आहे. त्यात मुक्ततेचा दाखला आहे, जिल्हा आणि उपविभागीय स्तरावर दक्षता समित्या आहेत. २०१६ च्या केंद्रीय योजनेत मुक्त वेठबिगार प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अत्यंत अमानुष प्रकरणांत तीन लाख रुपयांपर्यंत पुनर्वसनाची तरतूद आहे. परंतु हे सारे सुरू होते ते एका कागदाने. कुणीतरी तहसीलदाराकडे किंवा प्रांताकडे जाऊन लेखी म्हणावे लागते की 'आम्ही अडकलो आहोत.' १९८२ पासून ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचे जे काम केले, त्याचा झेंडा आमचा नव्हता आणि सर्वच बाबतींत आमचे एकमत झाले असेही नाही. पण अडाणी समजल्या गेलेल्या माणसाने सरकारी टेबलासमोर उभे राहून आपले नाव सांगितले की काय घडू शकते, ते या जिल्ह्याने त्या काळात पाहिले. मुरबाडमध्ये काळू धरणाच्या प्रश्नावरही तेच झाले. वनखात्याची मंजुरी नसताना सुरू झालेल्या कामाविरुद्ध श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ साली काम थांबले. तेथेही गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव, म्हणजे पुन्हा कागदच, उपयोगी पडले.

येथे काही समाजबांधव म्हणतील, कागदाने काय होते? रस्त्यावर उतरल्याशिवाय काही मिळत नाही. आम्ही त्यांना महाडची आठवण करून देतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे प्रत्येक भीमसैनिक जाणतो. ते पाऊल उचलले गेले त्याला आधार काय होता? १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतलेला ठराव आणि त्यानुसार १९२४ साली महाड नगरपालिकेने केलेला ठराव. म्हणजे आमच्या मुक्तिसंग्रामाच्या पहिल्या ओंजळीखालीसुद्धा दोन कागद होते! डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले, तेव्हा सनातन्यांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावून १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. लोक चिडलेले होते. बाबासाहेबांनी एका शब्दाने हो म्हटले असते तर तळे माणसांनी भरून गेले असते. त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला हात न लावता. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, हे विसरू नका. म्हणजे हा माघारीचा निर्णय मुळीच नव्हता. पुढे दावा महाडच्या न्यायालयात चालला, १९३१ साली सनातनी हरले. ते अपिलात गेले ते आमच्या याच ठाण्याच्या न्यायालयात, तेथे १९३३ साली हरले. उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी तिसऱ्यांदा हरले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. दहा वर्षे लागली. कायदा पाळणे आणि कायद्याशी झुंजणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच लढ्यात केल्या. तरुणांना हक्क आणि जबाबदारी शिकवायची असेल तर यापेक्षा दुसरा धडा कशाला शोधायचा?

परंतु आज जबाबदारी हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरला जातो. शिबिरातले वक्ते हक्कांवर पाच मिनिटे आणि कर्तव्यांवर पंचवीस मिनिटे बोलतात. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा की मुलांनी गप्प बसावे, मोठ्यांचे ऐकावे, झाडे लावावीत. मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१-क हे बाबासाहेबांच्या मूळ मसुद्यात नव्हते. १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते आले. म्हणून ते टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. उलट ते पूर्ण वाचा! त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक वृत्ती जोपासण्याचे कर्तव्य आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देण्याचे कर्तव्य आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने आलेले, मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे पालकांचे कर्तव्यही आहे. हेच वक्ते शिबिर संपल्यावर मुहूर्त पाहून गाडी घेतात आणि सुनेला पाळीत बाजूला बसवतात. कर्तव्यांची यादी त्यांच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबते.

पाळीचा विषय निघालाच आहे तर शहापूरचीच गोष्ट बोलू. जुलै २०२५ मध्ये शहापुरातल्या एका खाजगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना जमवून, कुणाला पाळी आली आहे हे विचारून, काहींचे कपडे उतरवून तपासणी केली गेली. सारा महाराष्ट्र हादरला. मुख्याध्यापिकेला अटक झाली, पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. या घटनेतली एक बाब फारशी चर्चिली गेली नाही. त्या मुली घरी गेल्या आणि त्यांनी आईला सांगितले. पालक दुसऱ्या दिवशी शाळेवर धडकले. मुलींनी लाजेने तोंड शिवून घेतले असते तर तो प्रकार त्याच स्वच्छतागृहात पुरला गेला असता. आपल्या शरीरावर आपलाच अधिकार आहे आणि शिक्षकाची आज्ञासुद्धा त्यापुढे चालत नाही, हे त्या मुलींना कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवले असेल असे वाटत नाही. त्यांना ते उमजले होते. प्रत्येक मुलीला ते उमजेलच यावर विसंबून राहता येईल काय?

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. मुरबाड विधानसभा मतदारसंघातलेच ते शहर. तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी तासन्‌तास लावले, लोक रेल्वे रुळावर उतरले, उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन शाळेला आणि पोलिसांना खडसावले. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न देणे हाही गुन्हा आहे. पाहा, ही खरी कायदेशीर जबाबदारी! ती शिक्षकाची आहे, संस्थाचालकाची आहे, आश्रमशाळेच्या अधीक्षकाची आहे. शिबिरात ती मुलांना सांगतात काय? मुलांना सांगण्याआधी व्यासपीठावरच्यांनी ती स्वतःला सांगून घ्यावी.

आता जे आम्ही लिहिणार आहोत ते काही वाचकांना रुचणार नाही. पण आपलेच घर झाकून दुसऱ्यावर बोट दाखवणे हे आंबेडकरी पत्रकारितेला शोभत नाही. याच पोक्सो कायद्याचा दुसरा काठ आमच्या वाड्या-वस्त्यांतल्या पोरांना कापतो आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती ही कायद्याच्या दृष्टीने संमती नव्हे. वाडीत सोळाव्या वर्षी मुलगी एखाद्या पोराबरोबर राहू लागते, दोन्हीकडचे मान्य करतात, सारे रीतीप्रमाणे चालते. मग ती बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात जाते, आधार कार्डावरची जन्मतारीख पाहिली जाते, डॉक्टर कायद्याने बांधलेला असल्याने पोलिसांना कळवतो आणि एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा तुरुंगात जातो. ओल्या बाळंतिणीला कळत नाही की नवरा कुठे गेला. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. अठरा वर्षांवरच्या पुरुषाने अल्पवयीन मुलीशी लग्न केल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. लग्न लावणारे आणि लावू देणारे आईबापही त्यात येतात. हे पोराला कुणी सांगितले होते? अज्ञान ही कायद्यापुढे सबब होत नाही, मान्य. पण ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या पोरांना कायदा सांगण्याची जबाबदारी टाळणाऱ्या शासनाला ही सबब कशी चालते? आणि आमच्या कार्यकर्त्यांना? मुलीला अठरापर्यंत शिकू द्या हे केवळ भाषणातले वाक्य नाही. त्या वाक्यावर एका पोराचा तुरुंग आणि एका पोरीचा जीव अवलंबून आहे.

तशीच दुसरी गोष्ट जमिनीची. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. १ ऑगस्ट २०२३ च्या रात्री सरळांबे येथे या मार्गाच्या पुलाचे अजस्र यंत्र कोसळून २० कामगार ठार झाले, ते बहुतेक परप्रांतातले गरीब होते. महामार्गामागून फार्महाऊसवाले आले, त्यांच्यामागून दलाल आले. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, ही महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ ची तरतूद १९७४ पासून आहे. तिला वळसा घालणाऱ्या कागदावर कुलमुखत्यारपत्र असते, साठेकरार असतो, आणि म्हाताऱ्याचा अंगठा घ्यायला मोटारसायकलवरून जो सुशिक्षित तरुण वाडीवर येतो, तो पुष्कळदा आमच्याच पट्ट्यातला असतो. निळा गमछा गळ्यात असला म्हणून त्याचे पाप धुतले जात नाही. कायदा शिकलेला तरुण असाही निघू शकतो, हे कायदा शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

वनहक्काचे उदाहरण याच्या उलट. २००६ च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासीला हक्क सांगता येतो. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते, आणि ६० दिवसांत अपील करता येते. कित्येक दावे पडले, ते जमीन कसत नव्हते म्हणून नव्हे, तर कागद अपुरा होता आणि अपिलाची मुदत कुणाला माहीत नव्हती म्हणून. दहावी झालेला एक पोरगा वनहक्क समितीच्या सचिवाशेजारी बसला असता तरी वाडीचे चित्र बदलले असते. शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याने तेथल्या ग्रामसभेला जे अधिकार दिले, ते अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मतदाराचे अधिकार आहेत. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही म्हणून ती तहकूब होते, तेव्हा आमचे तरुण क्रिकेटच्या स्पर्धेत असतात. जबाबदारी म्हणतात ती ही.

आणि बौद्धवाड्यांतले आम्ही? आमच्यासाठी अॅट्रॉसिटी कायदा आहे. १९८९ चा, २०१६ पासून अधिक कडक झालेला. आमच्या पोरांना त्याचे नाव ठाऊक आहे, घोषणेत तो येतो. पण तक्रारीत 'मला जातीवरून बोलला' एवढेच लिहून भागत नाही. कोणता शब्द उच्चारला, कुठे, किती वाजता, कोण कोण ऐकत होते, हे लिहावे लागते, हे किती जणांना ठाऊक आहे? गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या बिगर अनुसूचित लोकसेवकाला कलम ४ खाली शिक्षा आहे. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो. आणि पुन्हा जबाबदारी! तंटामुक्तीच्या बैठकीत चार प्रतिष्ठितांसमोर चहा पिऊन हा गुन्हा मिटवता येत नाही. जो आमचा पुढारी तो तसा मिटवून देतो, तो समाजाचा गुन्हेगार आहे. रागाच्या भरात बांधाच्या भांडणाला जातीचा रंग देणाऱ्यानेही पुढच्या खऱ्या फिर्यादीच्या तोंडावर हात ठेवलेला असतो. हे दोन्ही पोरांना एकाच तासाला शिकवले पाहिजे.

वकील कुठून आणायचा? येथेही उत्तर आहे. कलम ३९-क मुळे आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यामुळे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रीला, बालकाला आणि वेठबिगारीला बळी पडलेल्याला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असले तरी. तालुका न्यायालयात त्याची समिती असते. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. बुद्धविहाराच्या भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरलेली असतात, त्याखाली हे पाच आकडे रंगाने लिहायला किती खर्च येईल?

एक प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो. आमच्या विहारापासून कातकरवाडी किती पावलांवर आहे? बहुतेक गावांत ओढा ओलांडला की वाडी लागते. त्या ओढ्यापलीकडे आमचे किती कार्यकर्ते गेले? आमच्या आळीतली बाई कातकरणीला ओसरीखालीच उभी करते आणि पाणी वरून ओतते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या घरात! दर १४ एप्रिलला डीजेवर जेवढे पैसे उडतात तेवढ्यात वर्षभर रविवारचा वर्ग चालेल. त्यासाठी मोठा वक्ता लागत नाही. कोरे कागद, पेन, शाई आणि तहसील कचेरीपर्यंतचे एसटीचे भाडे लागते. मुलांना घेऊन शहापूरच्या किंवा मुरबाडच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर तासभर बसा. एखाद्या गुप्त सुनावणीचा अपवाद सोडला तर न्यायालयाचे दार लोकांना उघडे असते. काळा कोट घातलेला माणूस आपल्यासारखाच खोकतो आणि त्याचीही फाइल हरवते, एवढे पाहिले तरी पोरांची निम्मी भीती जाते.

आम्ही बोलतो तसे वागण्याचा थोडा प्रयत्न केला. शिबिरातल्या त्या मुलाला आणि आणखी सातआठ जणांना घेऊन सलग काही रविवार बसलो. पहिला अर्ज वाडीच्या रस्त्यावरच्या बंद दिव्याचा होता. दोन प्रती काढायच्या, तारीख घालायची, खाली सही आणि पत्ता. एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का आणि सही घ्यायची. पोच देत नसतील तर भांडायचे नाही, बाहेर येऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवायची. तीस दिवसांनी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून विचारायचे की आमच्या अमुक तारखेच्या अर्जाचे काय झाले. पहिल्या दिवशी त्या मुलाचा हात कार्यालयाच्या दारात थरथरत होता. शिक्का मिळाला तेव्हा त्याने तो कागद घडी न घालता, दोन्ही हातांत धरून एसटीत बसून घरी नेला.

तिसऱ्या रविवारी ती मुलगी आली. बापाला न सांगता तिने भट्टीवरच्या हिशेबाची वही आणली होती. शेठच्या वहीवरून बापाने दुसऱ्याकडून उतरवून घेतलेली, तेलकट, अकरा पानांची. आम्ही सगळे मिळून बेरीज करू लागलो. उचल, खर्ची, तांदूळ, औषध, पुन्हा उचल. पान संपले की ती मुलगी पुढचे पान उलटी आणि बोट ठेवून वाची. शेवटच्या पानावर ती थांबली. वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. मग म्हणाली, 'यात आईचे नाव कुठेच नाही.'

पुढच्या रविवारी आम्ही तहसीलदारांच्या नावाने अर्ज लिहायला बसलो. पहिली ओळ तिने आईच्या नावाने लिहिली.